मांजर डोळे मिटून दूध का पितं?

सासूबाईंचा आमच्या बोक्यावर एक जुना आरोप आहे. सकाळी त्याच्या वाटीत दूध ओतलं की त्या ओट्याला टेकून उभ्या राहतात आणि रोज तेच म्हणतात, "बघ गं, डोळे मिटून पितोय. वाटतंय, कुणाला दिसतच नाहीये. लबाड मेला!"

बोक्याचं नाव बेदाणा. चार वर्षांपूर्वी मार्चमध्ये, द्राक्षांचा हंगाम भरात असताना, गंगापूर रोडवरच्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये द्राक्षांच्या रिकाम्या खोक्यात तो सापडला. रंग पिवळा-तांबूस, त्यामुळे नावासाठी फार डोकं चालवावं लागलं नाही. (या रंगाची मांजरं बहुतेक बोकेच निघतात. रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बोक्याकडे एक्स एकच, त्यामुळे त्याला एक प्रत पुरते. मादीला दोन्ही लागतात, एकच मिळाली तर ती ठिपक्याठिपक्यांची होते. नेमकं जनुक कोणतं, ते २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं.)

लबाडी आणि मांजर यांची मराठीत जुनी जोडी आहे. शिंकं तुटलं की फावतं ते बोक्याचं, कामाला निघालं की आडवं जातं ते मांजर. एका बोक्यासोबत चार वर्षं काढल्यावर माझं मत वेगळं झालंय. मांजराच्या जवळजवळ सगळ्या तऱ्हा एका गोष्टीतून निघतात: हा प्राणी शिकारी आहे आणि त्याच वेळी दुसऱ्या कुणाची तरी शिकारही आहे. उंदरासमोर वाघ, कुत्र्यासमोर उंदीर. पट्टेरी वाघाला मागून कोण येतंय याची फिकीर करावी लागत नाही. चार-पाच किलोच्या जिवाला ती झोपेतही करावी लागते. ही दुहेरी नोकरी डोळ्यांसमोर ठेवली की बरंच काही सुटत जातं.

तर आधी ती दुधाची वाटी.

एका रविवारी मी मोबाइल स्लो मोशनवर टाकला आणि वाटीशेजारी फरशीवर आडवी झाले. नुसत्या डोळ्यांना वाटतं की मांजर जिभेचा चमचा करून दूध उचलतं. तसं होत नाही. जीभ खाली येताना तिचं टोक मागे वळतं आणि फक्त दुधाच्या पृष्ठभागाला टेकतं, आत बुडत नाही. मग ती झटकन वर ओढली जाते आणि तिला चिकटून दुधाचा एक बारीक खांब वर उठतो. तो खांब कोसळायच्या आत मांजर तोंड मिटतं. जेवढं दूध तोंडात अडकलं, तेवढा एक घोट. हे सेकंदाला साधारण चार वेळा. मिश्या कोरड्या, हनुवटी कोरडी.

हा प्रकार अभियंत्यांनी मोजलाय. अमेरिकेतल्या एमआयटीतल्या एका प्राध्यापकाला न्याहारी करताना आपल्या मांजराकडे बघून प्रश्न पडला आणि २०१० मध्ये त्यावरचा शोधनिबंध 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला. जिभेच्या वेगाने दूध वर चढत असतं आणि गुरुत्वाकर्षण ते खाली खेचत असतं. या ओढाताणीत खांब सगळ्यात जाड असतो तो क्षण मांजर बरोबर पकडतं. या हिशेबाप्रमाणे मोठ्या जिभेच्या प्राण्याने सावकाश प्यायला हवं. त्यांनी वाघ-सिंहांचे व्हिडिओ तपासले, तर ते खरोखरच संथपणे पितात. कुत्र्याचा कारभार वेगळा. तो जीभ मागे वळवून पाण्यात खुपसतो आणि पळीने ढवळल्यासारखं अर्धं पाणी फरशीवर सांडतो.

आता डोळे. मांजराची नजर लांबच्या हालचालीसाठी आणि अंधुक उजेडासाठी बनली आहे. वीतभर अंतराच्या आतलं त्याला धड दिसत नाही. बेदाण्याच्या अगदी नाकाखाली उकडलेल्या चिकनचा तुकडा टाकला तर तो डावीकडे हुंगतो, उजवीकडे हुंगतो आणि शेवटी माझ्याकडे बघतो. पहिल्यांदा मला वाटलं, नाटक करतोय. नाटक नव्हतं. इतक्या जवळ त्याचं काम मिश्या करतात. दोन्ही गालांवर साधारण बारा-बारा मिश्या असतात, साध्या केसांपेक्षा जाड, मुळं खोलवर आणि भोवती मज्जातंतूंचं जाळं. उंदरावर झेप घेताना त्या पंख्यासारख्या पुढे येतात आणि चावा नेमका कुठे घ्यायचा ते सांगतात. वाटीत तोंड घातल्यावर दूध डोळ्यांना दिसतच नसेल, तर डोळे ताणून करायचं काय?

शिवाय डोळे मिटायला हिंमत लागते. ज्याची शिकार होऊ शकते तो प्राणी जिथे धोका नाही अशाच जागी पापण्या सैल सोडतो. इंग्लंडमधल्या ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की माणसाने मांजराकडे बघत डोळे हळूच बारीक करून मिटले, तर मांजरही तसंच उत्तर देतं, आणि असं करणाऱ्या अनोळखी माणसाकडेही ते जास्त सहज जातं. टक लावून बघणं म्हणजे त्याच्या भाषेत धमकी. हे मी सासूबाईंना सांगितलं. "अहो आई, तो तुमच्यावर विश्वास टाकतोय." त्या म्हणाल्या, "दुधावर टाकतोय."

दुधाबद्दल एक कबुली द्यायला हवी. मोठ्या मांजराला दूध लागत नाही. बहुतेकांना ते पचतही नाही, कारण दुधातली साखर पचवणारं पाचक द्रव्य पिल्लू मोठं होता होता कमी होत जातं, आणि मग वाळूच्या ट्रेमध्ये त्याचा निकाल दिसतो. आमच्याकडे वाटीत आता तीन हिस्से पाणी असतं. उरलेला एक हिस्सा बंद करायची माझी या घरात पोच नाही.

आणि गोड? पाडव्याला बेदाणा श्रीखंडाच्या पातेल्याभोवती घिरट्या घालतो तेव्हा सगळे म्हणतात, गोडघाशा आहे. मांजराला गोड चव कळतच नाही. गोडाची चव ओळखणाऱ्या दोन जनुकांपैकी एक मांजरकुळात तुटलेलं आहे, हे २००५ मध्ये सिद्ध झालं. वाघ आणि चित्त्यातही तेच. जो फक्त मांसावर जगतो त्याला उसाचा रस ओळखून करायचं काय! बेदाणा येतो तो चक्क्यातल्या स्निग्धांशासाठी. साखर, केशर, वेलची, सगळं त्याच्यापुरतं वाया.

खोकं, रांगोळी आणि गाडीचं बॉनेट

मांजराला महागडा बिछाना आणून द्या. ते बिछान्याकडे ढुंकूनही बघणार नाही, तो ज्या खोक्यातून आला त्या खोक्यात जाऊन बसेल. दुहेरी नोकरीचा सिद्धांत इथे फार छान लागू पडतो. खोक्यात पाठ आणि दोन्ही कुशी झाकलेल्या असतात, म्हणजे मागून हल्ला नाही. समोरून मात्र सगळं दिसतं, म्हणजे दबा धरायला उत्तम. नेदरलँड्समधल्या एका निवारागृहात नव्याने आलेल्या काही मांजरांना लपायला खोकी दिली आणि काहींना दिली नाहीत. खोकीवाली मांजरं कितीतरी लवकर शांत झाली. तुम्ही घर बदलत असाल किंवा गणपतीत घरी पाहुण्यांचा राबता असेल, तर मांजरासाठी एका कोपऱ्यात एक साधं खोकं आडवं करून ठेवा. पैसे लागत नाहीत.

खोकं नसलं तर चौकटही चालते. २०२१ मध्ये एका पाहणीत लोकांना घरी फरशीवर चौकोन आखायला सांगितलं, काही खरे आणि काही नुसते डोळ्यांना भास होणारे. मांजरं दोन्हींत जाऊन बसली. शेवटपर्यंत टिकलेली मांजरं मोजकीच होती, त्यामुळे त्यावर मोठा इमला रचू नये, पण मला काही आश्चर्य वाटलं नाही. दिवाळीत मी दारात ठिपक्यांची रांगोळी काढते. रंग भरायला डबे आणायला आत जाते आणि बाहेर येते तर बेदाणा बरोबर मधल्या चौकोनात, शेपूट पायांभोवती गुंडाळून, लक्ष्मीची वाट बघत बसलेला.

थंडीचं गणित वेगळं आहे. आपल्याला पंचवीस अंशांत बरं वाटतं. मांजराच्या शरीराला स्वतःला गरम किंवा गार करायचे कष्ट न घेता राहता येतं ते साधारण तीस ते अडतीस अंशांत. म्हणजे त्याच्या हिशेबाने नाशिकमध्ये वर्षातला बराच काळ गारठाच असतो, आणि डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा एक आकडी झाला की विचारूच नका. म्हणून ते सेट-टॉप बॉक्सवर झोपतं, लॅपटॉपवर बसतं, गिझरखालची जागा धरतं. हेच भटकं मांजर नुकत्याच बंद केलेल्या गाडीच्या इंजिनापाशी शिरतं. थंडीत सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा. आमच्या पार्किंगमध्ये ही सवय सगळ्यांना लागली, त्यामागे एक वाईट सकाळ आहे. ती मी इथे लिहीत नाही.

ही उष्णतेची ओढ वारसाहक्काने आलीय. घरगुती मांजर ज्या रानमांजरापासून आलं ते आफ्रिकेतलं आणि पश्चिम आशियातलं, कोरड्या मुलखातलं. शेती सुरू झाली, धान्य साठलं, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे ही मांजरं. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वी माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलंय. त्या बेटावर मांजरं मुळात नव्हती, म्हणजे कुणीतरी ते नावेतून नेलं असणार. माणसाने कुत्र्याला कामाला लावलं. मांजराने कोठार बघितलं आणि स्वतःच मुक्काम ठोकला. कमी पाण्यात भागवणं, मळ वाळूत पुरणं, हेही त्याच मुलखातून आलेलं. बांधकामासाठी कुणी दारात वाळू टाकली की गल्लीतल्या सगळ्या मांजरांना घरचीच आठवण येते.

दिवेलागणीला अंगात येतं

दिवसभर पसरलेला बेदाणा दिवेलागणीला एकदम उठतो. डोळे मोठे, कान मागे, पाठ कमानीसारखी. मग हॉलमधून किचन, किचनमधून बेडरूम, सोफ्याच्या पाठीवरून खिडकी, खिडकीतून पुन्हा हॉल. पाच मिनिटांनी काहीच न झाल्यासारखा पंजा चाटत बसतो. आमच्याकडे याला अंगात येणं म्हणतात. खरं कारण साधं आहे. उंदीर-घुशी संधिप्रकाशात बाहेर पडतात, म्हणून मांजराचं घड्याळ पहाट आणि संध्याकाळ या दोन वेळांना लावलेलं आहे. रानात ती शक्ती शिकारीत खर्च होते. दिवसातून अनेक लहान शिकारी, त्यातल्या कितीतरी फसलेल्या. फ्लॅटमध्ये जेवण वाटीत येतं आणि शक्ती तशीच उरते. संध्याकाळी दहा मिनिटं पिसाच्या काडीमागे पळवून लगेच जेवायला घाला. शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप हा त्याचा मूळ क्रम आहे. तो पुरा झाला तर पहाटे तुम्हालाही झोप मिळते.

नाही झाला तर पाच वाजता उशीपाशी तो आवाज येतो. घुरघुर, पण साधी नाही, त्यात कुठेतरी एक कण्हणं मिसळलेलं. यावर ससेक्स विद्यापीठातल्याच एका गटाने २००९ मध्ये काम केलं. काही मांजरं खायला मागताना घुरघुरीच्या खर्जात एक उंच स्वर मिसळतात आणि तो तान्ह्या बाळाच्या रडण्याच्या पट्टीजवळ जातो. ज्यांनी कधी मांजर पाळलं नाही त्यांनाही तो आवाज 'तातडीचा' वाटला. म्हणजे मी पाच वाजता उठते ती मऊपणामुळे नाही, माझ्यातल्या आईला कुणीतरी बरोबर जागी दाबलंय. इथे मात्र सासूबाईंचा 'लबाड' हा शब्द मी मान्य करते.

म्याँवचंही तसंच. मोठी मांजरं एकमेकांशी भांडताना ओरडतात, जोडीदाराला बोलावताना ओरडतात, पण साधं म्याँव सहसा करत नाहीत. ते पिल्लांनी आईसाठी ठेवलेलं असतं, आणि माणसांत आलेली मांजरं ते आयुष्यभर आपल्यासाठी चालू ठेवतात.

घुरघुर म्हणजे आनंद, हा समज अर्धाच खरा आहे. जखमी मांजर घुरघुरतं, वीत असलेली मांजरी घुरघुरते, डॉक्टरांच्या टेबलावर थरथरत असलेला बेदाणाही घुरघुरत होता. हा आवाज पिल्लू आईला चिकटून दूध पिताना काढतं. त्याचा अर्थ 'मी इथे आहे, जाऊ नकोस' असा धरला तर सुख आणि भीती दोन्ही त्यात बसतात. घुरघुरीने हाडं जुळतात अशी एक पोस्ट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असते. तिला अजून ठोस पुरावा नाही.

इतक्याशा प्राण्याच्या गळ्यातून सेकंदाला वीस-तीस कंपनांचा खर्ज निघतो कसा? आधी मानत की मेंदू स्वरयंत्राच्या स्नायूंना तितक्या वेगाने आवळायला-सोडायला सांगतो. २०२३ मध्ये व्हिएन्नात आजाराने गेलेल्या आठ मांजरांच्या स्वरयंत्रांतून नुसती उबदार, दमट हवा सोडली आणि तोच खर्ज निघाला. स्नायू नाहीत, मेंदू नाही. त्यांच्या स्वरतंतूंत गादीसारखे जाड भाग सापडले. दोरीला गाठ मारली की तिचा हेलकावा संथ होतो, तसं काहीसं. वाद अजून मिटलेला नाही. आमच्या जिल्ह्यातल्या उसात राहणारा बिबट्या मांजराचा मोठा भाऊ, पण त्याला ही घुरघुर जमत नाही. तो ओरडतो तेव्हा लाकडावर करवत चालवल्यासारखा आवाज येतो. चित्त्याला मात्र घुरघुरता येतं.

पायात घोटाळणं, कोपऱ्यात बघणं, पाल आणून देणं

मी बाहेरून आले की बेदाणा पायात घोटाळतो. लाडात येतो हे खरं, पण तो शिक्केही मारत असतो. मांजराच्या गालांत, हनुवटीत आणि शेपटीच्या मुळाशी गंधग्रंथी असतात. मी बाहेरचा वास घेऊन आलेली असते, तो पुसून तो घरचा वास लावतो. भांडी घासणाऱ्या मावशींची पिशवी, दाराची चौकट, फ्रिजचा कोपरा, सगळीकडे त्याची सही आहे. कधी नवऱ्याचा मोजा हुंगून तो तोंड उघडं ठेवून, वरचा ओठ उचलून, भयंकर काही आठवल्यासारखा थिजतो. किळस नाही ती. टाळूत वासाचा एक वेगळा अवयव असतो आणि तो गंध तिथे पोचवला जातो आहे.

रात्री रिकाम्या कोपऱ्याकडे एकटक बघतो तेव्हा सासूबाई रामरक्षा सुरू करतात. माणसाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, मांजराला साठ हजारांच्याही वरचा. उंदरांची आपसातली बोलणी त्याच पट्ट्यात चालतात. आमच्या कोपऱ्यामागे पाइपांचं डक्ट आहे. भूत असेल तर त्याला शेपूट आहे.

आणि ती पाल. उशीवर, सकाळी, शेपटीविना. 'मांजर भेट आणतं' किंवा 'तुम्हाला शिकार शिकवतं' असं सांगतात. मांजरी पिल्लांना शिकवते हे खरं: आधी मेलेला उंदीर, मग अर्धमेला, मग जिवंत. पण बेदाणा बोका आहे, तोही नसबंदी केलेला. त्याच्यात ही मायेची शिकवणी कुठून यावी? मला दुसरं कारण पटतं. शिकार उघड्यावर खाल्ली तर कुणीतरी हिसकावेल, म्हणून ती सुरक्षित जागी आणायची. घरातली सगळ्यात सुरक्षित जागा माझी उशी आहे, एवढाच त्यातला मान.

चारही पायांवर

गावात फुगडी बघितली असेल तर मांजर हवेत कसं वळतं ते सहज कळेल. दोघी हात ताणून, मागे झुकून फिरतात तेव्हा वेग बेताचा. जवळ आल्या की गरकन वेग वाढतो. मांजर पडताना कमरेत वाकतं आणि स्वतःचे दोन भाग करतं. पुढचे पाय पोटाशी घेतं, मागचे लांब ताणतं. त्यामुळे पुढचा भाग झर्रकन वळतो आणि मागचा किंचितच उलटा जातो. मग अदलाबदल: पुढचे पाय ताणायचे, मागचे आवळायचे, की मागचा भागही वळतो. हवेत धरायला काही नसताना कुणी वळूच कसं शकतं, यावर मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी डोकं लावलंय. १८९४ मध्ये पॅरिसमध्ये एतिएन-ज्यूल मारे यांनी पडत्या मांजराचे एकामागून एक फोटो काढले तेव्हा कुठे वाद निवला. पिल्लांना ही कला साधारण सहा-सात आठवड्यांची झाल्यावर जमते.

याचा अर्थ बाल्कनी उघडी ठेवावी असा नाही. १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन पशुवैद्यांनी उंचावरून पडून त्यांच्या दवाखान्यात आलेल्या १३२ मांजरांची नोंद प्रसिद्ध केली. उपचार झालेल्यांपैकी नव्वद टक्के जगली, आणि सातव्या मजल्याच्याही वरून पडलेल्यांना तुलनेने कमी इजा दिसल्या. लोकांनी लगेच निष्कर्ष काढला की जितकं उंच तितकं बरं. पण जी जागीच मेली, त्यांना दवाखान्यात कोण नेणार? ती मोजणीत आलीच नाहीत. आमच्या बाल्कनीला जाळी आहे. तुमच्याकडे मांजर असेल तर तुमच्याही असावी.

जिभेची गोष्ट राहिली. मांजराची जीभ हाताला किसणीसारखी लागते. तिच्यावर घशाकडे वळलेले बारीक काटे असतात, टोकाला पन्हाळीसारखे पोकळ, आणि लाळ भरून ते केसांच्या मुळापर्यंत नेतात. फणी आणि पाणी एकाच वेळी. हे काटे एकाच दिशेचे असल्यामुळे जिभेला अडकलेली वस्तू मांजराला थुंकून टाकता येत नाही, ती आतच जाते. मागच्या श्रावणात माझा गजरा ड्रेसिंग टेबलवर राहिला. फुलं खाली पडलेली सापडली, दोरा सापडला नाही. दुसऱ्या दिवशी बेदाणा ओकायला लागला, तिसऱ्या दिवशी ऑपरेशन. आतड्यात दोरा एका टोकाला अडकला की आतडं त्यावर नाडी ओवल्यासारखं चुण्याचुण्यांनी गोळा होतं आणि कापलं जातं. म्हणून गजऱ्याचा दोरा, सुई-दोरा, संक्रांतीचा मांजा, येवल्याहून आणलेल्या पैठणीच्या पदराचे सुटे धागे, सगळं कपाटात. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही. सरळ डॉक्टरकडे.

ओघात आलंय तर सांगते. कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, शिजवलेलाही. तेव्हा रश्शातला तुकडा नको. पॅरासिटामॉलची एक गोळी जीव घेऊ शकते. बुकेतली लिलीची फुलं, त्यांचे परागकणसुद्धा, मूत्रपिंडं निकामी करतात. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांना विषारी, मांजरालाही देऊ नयेत. आमच्या बोक्याला स्वतःचंच नाव वर्ज्य आहे.

पावसाळ्यातली नशा

परदेशात मांजरांना 'कॅटनिप' नावाची वनस्पती हुंगायला देतात. ती आपल्याकडे ऑनलाइन चांगल्या भावाने विकली जाते. त्याआधी कुंडीत बघा. पावसाळ्यात आपोआप उगवणारी खोकली, जिला कुणी कुप्पी म्हणतं, उपटून तिचं मूळ मांजरासमोर ठेवा. बेदाणा आधी चाटतो, मग गाल घासतो, मग पाठीवर पडून चारही पाय वर. दहा-पंधरा मिनिटांत सगळं उतरतं आणि काही वेळ पुन्हा चढत नाही. या मुळांतली रसायनं कॅटनिपमधल्या रसायनाच्याच भावकीतली आहेत.

ही नशा सगळ्या मांजरांना होत नाही. कॅटनिपची साधारण तिघांतल्या दोघांना होते, तेही घराण्यातून आलेलं असेल तर, आणि अगदी लहान पिल्लांना नाहीच. पण मांजराला तिचा उपयोग काय, याचं उत्तर २०२१ मध्ये जपानमधून आलं. तिथल्या संशोधकांनी दाखवलं की या वासाने मांजराच्या मेंदूतली स्वतःची अफू सुटते, म्हणून ते लोळतं. आणि लोळण्याने अंगाला लागलेलं रसायन डासांना पळवतं. दबा धरून तासन्‌तास निश्चल बसणाऱ्या प्राण्याला शेपटीने डास वारणं परवडत नाही. शिकार बिथरते. म्हणजे जे व्यसन दिसतं ते अंगाला ओडोमॉस चोळणं आहे.

कणीक

रात्री साडेनऊला सासूबाई मालिका बघत असतात. बेदाणा त्यांच्या गोधडीवर चढतो, दोन गोल फेऱ्या मारतो आणि पुढचे पंजे आळीपाळीने दाबत कणीक मळायला लागतो. नजर कुठेही नाही, तोंडातून लाळ. तान्हं पिल्लू दूध सुटावं म्हणून आईच्या पोटावर असंच दाबतं. मोठं झाल्यावर गरज संपते, सवय राहते. आईपासून लवकर तुटलेली पिल्लं काहीशी वेगळी वाढतात. फिनलंडमध्ये २०१७ मध्ये जवळपास सहा हजार मांजरांच्या पाहणीत आठ आठवड्यांच्या आत तोडलेली पिल्लं जास्त आक्रमक निघाली. पिल्लू आईजवळ निदान बारा-चौदा आठवडे राहू द्यावं.

आमच्याकडे म्हणतात, मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते. आकड्याचं काही सांगता येत नाही, पण फिरवते हे खरं. जागेला वास सुटतो, पिसवा होतात, कुणी डोकावून गेलं की तिला ती जागा नको होते. मानगूट धरून ती एकेक पिल्लू नेते, आणि तोवर बाकीची मागे एकटी असतात. ऊसतोडीत बिबट्याचे बछडे सापडतात तेव्हा वनविभाग म्हणून तर त्यांना त्याच शेतात क्रेटमध्ये ठेवतो आणि सगळ्यांना लांब करतो. मादी रात्री येते आणि नेते. मांजराचं पिल्लू एकटं दिसलं, अंग स्वच्छ असेल, पोट भरलेलं असेल, तर ते सोडून दिलेलं नसतं. काही तास लांबून वाट बघावी.

बेदाणा सापडला तेव्हा स्वच्छ होता. पोट टम्म होतं. आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. कुणीतरी टाकून दिलं बिचाऱ्याला म्हणत, खोक्यासकट वर घेऊन आलो, ड्रॉपरने दूध पाजलं आणि स्वतःवर खूश होऊन झोपलो. रात्री दोनच्या सुमारास पार्किंगमध्ये एक मांजरी ओरडत फिरत होती. या गाडीखाली, त्या गाडीखाली. झोपमोड होते म्हणून नवरा खाली जाऊन तिला हाकलून आला. आठवडाभर ती रोज यायची.

हे सगळं वाचून झाल्यावर मी सासूबाईंना सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. गोधडीवर त्याचं मळणं चालू होतं, नखं टाक्यांत अडकून दोरे निघत होते. मी त्याला उचलायला हात पुढे केला तर त्यांनी तो बाजूला सारला.

"मळू दे गं. पोळ्या मी करते."